खांद्यावरची मोठी पर्स सोडून छोटी बॅग शोधताना (जानेवारी ते जुलै २०२५)

छोटी बॅग घ्यायची म्हणजे काय, दुकानात जायचं, आवडली ती उचलायची, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. माझ्या बाबतीत या प्रकाराला अर्धं वर्ष लागलं आणि मध्ये फिजिओ, आरटीओ, ग्राहक हेल्पलाइन, धारावीतला कारागीर असे सगळे येऊन गेले. ऑफिसमधल्या बायका आता रोज विचारतात, कुठून घेतलीस, केवढ्याला पडली, इतक्याशा बॅगेत तुझं सगळं मावतं कसं, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू. मी ठाण्याला राहते, ऑफिस फोर्टला, घर ते स्टेशन स्कूटर आणि पुढे सीएसएमटी लोकल. त्यामुळे माझे सगळे निकष लोकलच्या गर्दीतले आहेत, स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उजवा खांदा आणि मान अशी काही धरली की वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांचे सातशे, एक्सरेचे साडेचारशे, एक्सरेत काहीच नाही, मग फिजिओथेरपी, एका सिटिंगचे पाचशे. दुसऱ्या वेळी फिजिओने सांगितलं की रोज वापरता ती पर्स जशीच्या तशी घेऊन या, आतलं काही काढू नका. आणि समोर वजनकाट्यावर ठेवली. चार किलो सहाशे ग्रॅम! ती म्हणाली, ताई, शाळेच्या दप्तरासाठी सरकारने २०१५ ला जीआर काढला, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर दप्तर नको म्हणून, तुमच्यासाठी कोण काढणार. आता माझं वजन बघता दहा टक्क्यांत मी आरामात पास होते हा भाग वेगळा 😄 पण दप्तर दोन खांद्यांवर असतं, माझं सगळं ओझं एकाच खांद्यावर आणि तेही पाऊण तास उभ्याने.

घरी येऊन जमिनीवर पेपर पसरला आणि पर्स उपडी केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू मोजली. हे प्रत्येकीने एकदा कराच, फुकट आहे आणि डोळे उघडतात. रिकामी पर्सच एक किलो पन्नास ग्रॅम, कारण जाड रेक्झिन, वर पितळी कड्या आणि साखळ्या. भरलेली स्टीलची बाटली एक किलो, डबा नऊशे ग्रॅम, पॉवरबँक (वीस हजार एमएएचवाली) चारशे तीस, छत्री तीनशे ऐंशी, कागदपत्रांचं प्लॅस्टिक फोल्डर दोनशे चाळीस, चाव्यांचा जुडगा दोनशे दहा, त्यात माहेरच्या कपाटाची चावी जे कपाट आता नाहीच आहे, आणि नुसती चिल्लर एकशे ऐंशी ग्रॅम. बाकी किरकोळात टिकल्यांची पाकिटं, सेफ्टीपिना, संपलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणि कुणाच्या तरी लग्नातलं अक्षतांचं पुडकं.

तेव्हाच एक लक्षात आलं की बॅग नंतर, आधी सामानाचं बघायला पाहिजे. लोक उलटं करतात, खांद्यावरून आडवी घालायची सुंदर छोटी स्लिंग घेतात, त्यात काहीच मावत नाही, मग तिच्या जोडीला पुन्हा मोठी पर्स, म्हणजे खांद्यावर दोन दोन.

बाटली आणि डबा सरळ वेगळ्या कापडी पिशवीत गेले. ही पिशवी लोकलमध्ये चढल्याबरोबर रॅकवर ठेवता येते, ती गेली तरी डबाच जाईल, फोन आणि पाकीट तर अंगावर. पॉवरबँक घरी ठेवली आणि पाच हजार एमएएचची लहान घेतली, साधारण सव्वाशे ग्रॅमची, ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते. सगळ्यात चिवट निघालं ते कागदपत्रांचं फोल्डर. स्कूटरमुळे लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, शिवाय आधार आणि पॅनच्या झेरॉक्सा. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदाच्या बरोबरीने धरतात, रेल्वेतही डिजिलॉकरमधलं आधार ओळखपत्र म्हणून चालतं, हे सगळं ऐकून माहीत होतं. (नुसता गॅलरीतला फोटो किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, ॲप उघडून दाखवायचं.) पण माझं लायसन्स काही केल्या तिथे येईना, कारण आधारवर सासरचं नाव आणि लायसन्सवर माहेरचं. लग्नाला सतरा वर्षं झाली, कधी अडलं नव्हतं ते बॅगेपायी अडलं.

मग आरटीओच्या सारथी पोर्टलवर नावबदलाचा अर्ज, २० जानेवारीला. दोनशे रुपये फी, स्मार्टकार्डाचे आणि पोस्टाचे वेगळे. मॅरेज सर्टिफिकेट, आधार, जुनं लायसन्स स्कॅन करून चढवायचं, फाइल साइज मोठी झाली की घेत नाही, म्हणून आधीच लहान करून ठेवा. नंतर कागद तपासायला आरटीओच्या ऑफिसात जावं लागलं, तिथे झेरॉक्सवर माझी सही नाही म्हणून खिडकीवरून परत पाठवलं, बाहेर टपरीवर पेन मागून सह्या केल्या, परत रांगेत. हाफ डे गेला. नवीन कार्ड फेब्रुवारीच्या शेवटी पोस्टाने आलं आणि त्यानंतर ते डिजिलॉकरमध्ये एका झटक्यात दिसलं. ज्यांची लग्नानंतर नावं बदललीत त्यांनी बॅग घ्यायची असो नसो, हे काम करून टाका. रेल्वेचा पास तर मी ॲपवर तीन महिन्यांचा काढते, तोही मोबाईलमध्ये. अर्थात सगळं मोबाईलमध्ये आलं की मोबाईलची बॅटरी हाच जीव की प्राण होतो, घरून निघताना ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर मला घाम फुटतो.

तर फोल्डर गेलं. उरलं ते रोजचं खरं सामान: फोन, दोनच चाव्या, तीन कार्डं आणि थोड्या नोटा, ऑफिसचं आयडी, इअरफोन, रुमाल, गोळ्यांची एक स्ट्रिप, दोन पॅड, लिपस्टिक, टिकली आणि घडी घालून मुठीएवढी होणारी कापडी पिशवी. हे सगळं पेपरवर हातासरशी लावलं, एकावर एक नाही, जसं हाताला सापडायला हवं तसं, आणि भोवती पेनने रेघ मारली. वीस सेंटिमीटर लांब, तेरा उंच, जाडी पाच. तिन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की लिटर येतात, म्हणजे माझं एक पूर्णांक तीन लिटर. ऑनलाइन बॅगांखाली हा आकडा लिहिलेला असतो, त्याच्याकडे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. तो पेपर कात्रीने कापून पाकिटात ठेवला आणि दुकानात बॅगेवर ठेवून बघायला लागले. दुकानदार बघत राहायचे, बघू देत.

पण अजून एक प्रश्न होता, ही बॅग अंगावर नक्की कुठे घालायची? कमरेला, आडवी छातीवर, की एका खांद्यावर? फोटोतल्या मुलींना सगळंच छान दिसतं. यावर उत्तर मला लेडीज डब्यात मिळालं. क्लिपा, कानातले, कव्हरं विकणाऱ्या ताई चढतात ना, त्यातल्या एकीकडे कमरेचे पाऊच होते, काळे, दीडशे रुपयाला. घासाघीस न करता एक घेतला, टिकायची अपेक्षाच नव्हती, नुसती ट्रायल. महागडी बॅग घ्यायच्या आधी अशी एखादी स्वस्तातली आठ-पंधरा दिवस वापरून बघा असं मी अगदी कळकळीने सांगेन, दीडशे रुपयात जे कळतं ते कुठल्या व्हिडिओत कळत नाही.

पहिल्या दिवशी कुर्त्यावर कमरेला बांधून बाहेर आले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं कंडक्टर दिसतेस, पुढे सरका म्हण आता." मग स्वतःच हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "आम्ही आपले कनवटीला लावायचो पैसे, कुणाची छाती होती काढायची. बरंय हे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कमरेच्या बरोब्बर मध्ये, पोटावर, ढेरीच्या वर असा पाऊच बांधला की तो तसाच दिसतो. तोच पट्टा थोडा सैल करून एका बाजूच्या हाडावर, जरा खाली कलता सोडला की एकदम वेगळा दिसतो, स्टायलिश म्हणतात तो. ब्रँड, रंग सगळं नंतर, आधी हे चार बोटांचं अंतर.

आणखी काय काय कळलं ते सांगते. बसायला जागा मिळाली की पुढचा पाऊच पोटात रुततो, म्हणून पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नकोच. कुर्त्याला दोन्ही बाजूंनी कट असतील तर कमरेच्या पट्ट्याने कुर्ता वर ओढला जातो आणि मागून विचित्र दिसतं, सरळ कटाच्या लांब कुर्त्यापेक्षा आखूड कुर्ती किंवा शर्टवर कमरेचा पाऊच जास्त खुलतो. ओढणी असेल त्या दिवशी कमरेला नकोच, ओढणीचं टोक चेनमध्ये अडकतं आणि ते सोडवता सोडवता मुलुंड येतं. साडीवर मी बरेच प्रयोग केले. निऱ्यांवर पट्टा आला की निऱ्या फुगतात, पण पदर पिनअप करून पट्टा पदराच्या वरून घेतला आणि बक्कल मागे सरकवलं तर कमरपट्ट्यासारखा ऐटदार दिसतो, कॉटनच्या साडीवर विशेषतः. गर्दीत मात्र कमरेला काहीच नको, तिथे हात पोचत नाही आणि नजर तर नाहीच नाही. गर्दीत तोच पाऊच आडवा छातीवर घ्यायचा, चेनची उघडी बाजू अंगाकडे. म्हणजे मला अशी वस्तू हवी होती जी कमरेलाही बसेल आणि छातीवरही, सगळा खेळ पट्ट्याच्या लांबीचा. माझ्या मापाने पट्टा कमीत कमी नव्वद सेंटिमीटरपासून सव्वाशेपर्यंत लहान-मोठा व्हायला हवा होता. तुमचं माप घरीच टेपने घ्या, कुर्त्यावरून वेगळं, साडीवरून वेगळं.

रुंदीचंही तसंच. बारीक दोरीसारखे पट्टे फोटोत नाजूक दिसतात पण अर्ध्या तासात मानेपाशी वळ उठतो, साधारण अडीच ते पावणेचार सेंटिमीटर रुंद पट्टा बरा. साखळीवाल्या पट्ट्यांचं मला लहानपणापासून आकर्षण, फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शानेलने फेब्रुवारी १९५५ मध्ये खांद्याला अडकवायची साखळीची पर्स काढली तीसुद्धा हात मोकळे राहावेत म्हणून, तिचं नावच त्यावरून २.५५. पण पॅरिसमध्ये आठ-सतराची फास्ट नव्हती. साखळीत शेजारणीचे केस अडकले की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लेकीने मला जाकमूस या फ्रेंच ब्रँडची ती सुप्रसिद्ध इवलीशी बॅग पण दाखवली, ल शिकिटो, २०१८ ची, जिच्यात फोनसुद्धा जात नाही. म्हटलं बाळा, यात माझ्या बीपीच्या गोळ्या तेवढ्या राहतील.

फेब्रुवारीत, ९ तारखेला रविवारी, एक बेज रंगाचा वेस्ट पाऊच, म्हणजे कमरेचाच, ऑनलाइन मागवला, बाराशे नव्याण्णव. साइटचं नाव लिहीत नाही. चार दिवसांत आला, दिसायला झकास, माप बरोबर, पण चेन उघडताना दर वेळी अस्तर दातांत अडकायचं, शिवताना अस्तर फार जवळ घेतलं होतं. सात दिवसांची रिटर्न विंडो, मी दुसऱ्याच दिवशी टाकलं. पहिला पिकअपवाला आलाच नाही आणि ॲपवर "कस्टमर उपलब्ध नव्हता" असा शेरा, मी दिवसभर घरी. दुसरा आला, त्याने टॅग बघितला, बॅग उलटीपालटी केली आणि "क्यूसी फेल" (म्हणजे तपासणीत नापास) मारून निघून गेला, का ते सांगेना. तिसऱ्या वेळी चॅटवर उत्तर आलं की मुदत संपली. तेव्हा इतकी चिडचिड झाली ना, प्रश्न तेराशे रुपयांचा नव्हता, पण मी खोटी ठरले याचा राग आला.

मग भावाने सांगितलं ते केलं आणि ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो, त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. त्या अधिकाऱ्याचा ईमेल साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतो. मी बिल, चेनमध्ये अडकलेल्या अस्तराचा फोटो, पहिल्या रिटर्नच्या रिक्वेस्टचा तारीख दिसणारा स्क्रीनशॉट, दोन्ही पिकअपचे मेसेज, सगळं एका मेलमध्ये घातलं. रडगाणं नाही, फक्त तारखा. आणि १९१५ वर फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, ते एक डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, देतात आणि कंपनीकडे पाठवतात. हे कोर्ट नाही, दंडबिंड करत नाहीत, पण डॉकेट नंबर मेलमध्ये लिहिल्यावर समोरच्यांचा सूर बदलला हे नक्की. आधी म्हणाले वॉलेटमध्ये देतो, मी नाही म्हटलं, ज्या खात्यातून गेले तिथेच हवेत. २१ मार्चला पैसे परत आले. तोवर तो बेज पाऊच मूळ पिशवीत तसाच कपाटावर, वापरायचा नाही अजिबात, नाहीतर केस संपली.

या भानगडीमुळे मी चेनची तज्ज्ञच झाले म्हणा ना. स्टेशनबाहेर बॅगा दुरुस्त करणारे काका बसतात, त्यांनी मला रनर, म्हणजे चेन ओढायचा सरकता भाग, उलटा करून दाखवला, मागे बऱ्याचदा आकडा कोरलेला असतो, ३, ५, ८ असा. तो साधारण बंद चेनच्या दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये. तीनची चेन आतल्या कप्प्याला ठीक, पण मुख्य तोंडाला पाच हवी. ते म्हणाले, "बॅग कधी फाटून येत नाही माझ्याकडं, ताई, चेन नाहीतर पट्ट्याची कडी." म्हणजे पट्टा जिथे बॅगेला शिवलाय तिथे चौकोनात फुली मारलेली शिलाई आहे का बघायचं, नुसती एक सरळ शिवण असेल तर ठेवून द्यायची. आणि चेन उघडताना कोपऱ्यावर वळणाशी अडखळते का ते दुकानातच पाच-सहा वेळा करून बघायचं, सामान भरून, रिकाम्या बॅगेची चेन काय कुणीही ओढेल.

मध्येच १ मार्चला, शनिवारी, धारावीला गेले. सायनचा पूल ऑगस्ट २०२४ पासून नव्याने बांधायला बंद होता, गाड्या लांबून फिरत होत्या, म्हणून स्टेशनला वेस्टला उतरून चालतच. काळा किल्ल्याच्या बाजूला मेन रोडवर चामड्याच्या वस्तूंची दुकानं ओळीने आहेत, बाहेर लटकवलेल्या जॅकेटांवर भाव विचारत बसू नका, आत जा. तयार वेस्ट पाऊच साडेसातशेपासून होते, पण एकतर पुरुषी, डब्बा, काळे नाहीतर तपकिरी, आणि माझं माप कशातच बसेना. शेवटी एकाने विचारलं, "मॅडम, बनवा के लो ना." मी तो कापलेला पेपर काढला. त्याने हसत हसत माझा फोन आणि चाव्या घेतल्या, चामड्यावर ठेवल्या, चंदेरी पेनने भोवती रेघ मारली आणि शिलाईसाठी चारी बाजूंनी एक-एक बोट सोडलं. मी घरी जे पेपरवर केलं होतं तेच, फक्त त्याचा हात न थांबता फिरत होता.

बकरीचं चामडं घ्यायचं की म्हशीचं, हा पुढचा प्रश्न. म्हशीचं जाड, दणकट, पण छोट्या पाऊचला फार ताठ. बकरीचं मऊ, हलकं, आणि त्याचा बारीक दाणा सुंदर दिसतो, तेच घेतलं. तो म्हणाला, "फोम डालूंगा तो मोटा दिखेगा, कमर पे अच्छा नहीं लगेगा," म्हणून फोम नाही, नुसतं अस्तर, आणि कडा तासून पातळ केलेल्या. लायटर लावून अस्सल चामडं दाखवायचा खेळ त्याने स्वतःच केला नाही हे मला आवडलं. त्यापेक्षा कापलेली कड बघायची, चामड्याची कड आतून तंतूतंतू दिसते, रेक्झिनच्या कडेला खाली कापडाचा थर दिसतो. रंगाला सगळ्यात जास्त वेळ लागला. काळ्यावर धूळ आणि कापसाचे तुस दिसतात, बेजशी माझं आता वाकडं, मोरपंखी फार आवडला पण दोनच कुर्त्यांवर गेला असता. शेवटी विटकरी. माझ्या निळ्या, हिरव्या, पांढऱ्या, अगदी हळदी रंगाच्या साडीवरही जातो. तुम्ही कपाट उघडून बघा, सगळ्यात जास्त कपडे ज्या रंगाचे तो रंग सोडून त्याच्यावर उठणारा घ्या, मॅचिंगच्या नादाला लागलात तर दहा बॅगा लागतील.

चौदाशे सांगितले, साडेबाराशेला ठरला, पाचशे ॲडव्हान्स. दुसऱ्या दिवसापासून रमजान, त्यामुळे त्याने आधीच सांगितलं की ईदच्या आधी होणार नाही, कारागीर जास्तीचं काम घेत नाहीत. हे स्पष्ट सांगितलेलं बरं वाटलं. ईद ३१ मार्चला झाली, मी १२ एप्रिलला जाऊन आणला. पट्ट्याला त्याने दोन भोकं जास्तीची पाडून दिली, साडीसाठी. पावती मागून घ्या आणि त्यावर माप, रंग आणि पट्ट्याची लांबी लिहून घ्या, तोंडी ठरलेलं दीड महिन्यात त्यालाही आठवत नाही आणि आपल्यालाही.

पण चामडं मुंबईच्या पावसात रोज वापरायचं नाही हे मला पक्कं माहीत होतं. कपाटात ठेवलेल्या पर्सला जुलैत बुरशी येते आणि रेक्झिनचं त्याहून वाईट, दमट हवेत त्याचा वरचा थर चिकट होऊन पापुद्रे सुटतात, न वापरताच. म्हणून रोजच्यासाठी नायलॉन हवं होतं. इथे डेनिअर बघायचं, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, आकडा मोठा तितका धागा जाड. दोनशे दहा फारच पातळ, सामानाचे कोपरे बाहेर दिसतात आणि बॅग केविलवाणी दिसते, हजार म्हणजे ट्रेकिंगचा थाट. चारशे-साडेचारशेच्या आसपासचं नायलॉन अंगावर छान पडतं. ठाण्यात गोखले रोडवर मे महिन्यात मिळाली, गर्द वांगी रंगाची अर्धगोल स्लिंग, दीड लिटर, पाच नंबरची चेन, नऊशे पन्नास रुपये, पेपर ठेवून बघितला, बसला. मागच्या बाजूला, अंगाला चिकटून असलेला एक सपाट कप्पा आहे, त्यात फोन. हा मागचा कप्पा असल्याशिवाय मी आता कुठलीच बॅग घेणार नाही, गर्दीत फोन काढावाच लागला तरी मुख्य तोंड उघडावं लागत नाही.

तिची परीक्षा लगेचच झाली. २६ मेला सोमवारी पाऊस आला, मुंबईत इतक्या लवकर मान्सून याआधी नोंदलाच गेला नव्हता, छत्र्या सगळ्यांच्या माळ्यावर. मस्जिद स्टेशनच्या आसपास रुळांवर पाणी, आम्ही डब्यात ताटकळत. कापडातून पाणी आत गेलं नाही पण चेनमधून गेलं, रुमाल आणि नोटा ओल्या. तेव्हापासून आत एक झिपलॉकची पिशवी कायम असते, फोन आणि नोटा तिच्यात. चेनवर कापडाची पट्टी असलेली बॅग मिळाली तर जास्त चांगलं. आणि घरी आल्यावर रिकामी करून उलटी टांगायची, तोंड उघडं ठेवून, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुबट वास.

जूनमध्ये नागपूरला विमानाने गेले तेव्हा विटकरी पाऊच कमरेला होता. सिक्युरिटीला तो काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, म्हणून बक्कल पटकन सुटणारं हवं, माझं भोकाचं असल्यामुळे मागच्या काकांनी दोनदा घसा खाकरला. पॉवरबँक चेकइनच्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या सामानातच. बाकी बोर्डिंग पास, आयडी, फोन सगळं हाताशी, वरच्या रॅकमधून काही काढायला उठले नाही.

हिशोब विचारतात म्हणून सांगते: ट्रायलचा पाऊच दीडशे, चामड्याचा साडेबाराशे, स्लिंग साडेनऊशे, छोटी पॉवरबँक आठशे, लायसन्सचे वेगळे. फिजिओचे यात धरत नाही. दीडशेचा पाऊच अजून जिवंत आहे बरं का, रनर गेला होता, काकांनी चाळीस रुपयात बदलून दिला, आता लेक क्लासला नेते. खांदा बराच बरा आहे, वेणी घालता येते, व्यायाम मात्र चालूच आहेत, नुसती बॅग बदलून ते सगळं गेलं असं मी म्हणणार नाही.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, छत्री. तीन घडीची छत्री घडी घालूनही पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास राहते, ती माझ्या स्लिंगमध्ये जात नाही, डब्याच्या पिशवीत टाकावी लागते आणि डबा ओला. पाच घडीची अठराच्या आसपास होते, ती बरोबर बसते, पण फोर्टच्या वाऱ्यात दोन उलट्या झाल्या आणि एकीची काडीच निखळली. पाच घडीची, वीस सेंटिमीटरच्या आत बसणारी आणि वाऱ्यात तग धरणारी छत्री कुणी वापरत असेल तर दुकान आणि किंमत दोन्ही सांगा, अजून सप्टेंबरपर्यंत पाऊस आहे.